अर्जदार मी, प्रतिवादीही मीच

नामिसोंगा गावच्या प्रमुख आणि आजच्या सभेच्या अध्यक्षा, आदरणीय नामालुवाबाई. उत्तरेकडून नुकतेच आपल्या जिल्ह्यात रुजू झालेले भूमी अधिकारी श्रीमान म्सुक्वा. आमच्या मंडळीचे पाळक रेव्हरंड काचिंग्वे. आजच्या सत्कारमूर्ती, नोंदणी लिपिक श्रीमती एनिफा चित्सोंगा. भूमी समितीतील माझे सहकारी. भिंतीला टेकून उभे असलेले तरुण. आणि ज्यांच्या जमिनीवर ही शाळा, हे सभागृह आणि प्रस्तुत वक्ता उभा आहे, त्या चटयांवर बसलेल्या माता-भगिनींनो,

परमेश्वराच्या दयेने आणि पाळकसाहेबांच्या परवानगीने मला पाच मिनिटे मिळाली आहेत. ती देताना पाळकसाहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून माझ्या रविवारच्या प्रवचनांची लांबी त्यांच्या स्मरणात ताजी असावी. विषयही नेमून दिलेला आहे : एनिफाबाईंचे गुण. तीन दिवस मी हे भाषण रचत होतो. पहिला मसुदा पत्नीला वाचून दाखवला. फालेसी सुपात तूर निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “यात बाई कुठे आहेत? सगळं पवित्र शास्त्रच आहे.” मी दुसरा मसुदा केला. त्यावर म्हणाली, “आता बाई आहेत, पण तुम्ही कुठे आहात? बाईंनी सहा वर्षांत सगळ्यात मोठं काम कुठलं केलं ते अख्ख्या गावाला माहीत आहे. ते वगळून बोललात तर मागून खोकले ऐकू येतील.”

अगदी आताच दोन आले. तेव्हा सज्जनहो, बाईंचे गुण सांगायचे तर माझी फजिती सांगणे क्रमप्राप्त आहे. ती येथे बहुतेकांना पाठ आहे. तरीही श्रीमान म्सुक्वा नवे आहेत, आणि त्यांच्या उत्तरेकडे जमीन बापाकडून मुलाकडे जाते. त्यांच्या सोयीसाठी दोन वाक्ये अधिक बोलतो. आमच्याकडे जमीन आईची असते आणि आईकडून मुलीकडे जाते. पुरुष लग्न करून बायकोच्या गावी येतो, तिच्या शेतात कुदळ मारतो आणि तिच्या भावांसमोर आवाज खाली ठेवतो. घरजावई हा इतरत्र टोमणा असेल. आमच्या गावात विवाहित पुरुषांची मोजणी करायची असेल तर तोच एक शब्द पुरतो. त्रेचाळीस वर्षांपूर्वी मी नदीपलीकडून येथे आलो तेव्हा माझ्याजवळ एक चटई, एक कोट आणि खडूंची पेटी होती. कोट अद्याप आहे. आपण पाहतच आहात.

चार वर्षांपूर्वी नवा कायदा आमच्यापर्यंत पोहोचला. रीतीने चालत आलेली जमीन आता कागदावर येणार होती, म्हणजे कोणी दांडगा येऊन ती बळकावू शकणार नव्हता. किती उत्तम हेतू! गावाने सहा जणांची समिती निवडली, तीन स्त्रिया आणि तीन पुरुष. चिटणीस कोणाला करावे? अक्षर कोणाचे वळणदार? शास्त्र कोणाला पाठ? सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मीही विनयाने इकडेतिकडे पाहण्याचा प्रयत्न केला, पण मला माझ्यावाचून दुसरे कोणी दिसले नाही.

मोजणीदार आले. घायपाताच्या रांगांवरून त्यांनी हद्दी धरल्या, यंत्राने आकाशातल्या उपग्रहांना विचारून आकडे घेतले, आणि एकशे बारा कोरे अर्ज माझ्या स्वाधीन केले. राजधानी लिलाँग्वेच्या छापखान्यातून आलेल्या त्या अर्जावर पहिलाच रकाना होता, “कुटुंबप्रमुख”. तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती की मालकाचे नाव स्थानिक रीतीप्रमाणे लिहावे. पस्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की प्रश्नपत्रिका तळापर्यंत वाचा. मी स्वतः वाचली का? कुटुंबाचा प्रमुख पुरुष, हे मला शास्त्राने शिकवलेले होते. मग तळाशी पाहण्याची गरज काय? समितीतील स्त्रियांनी एकदा विचारले, “गुरुजी, इथे बाप्यांचीच नावं का?” मी म्हणालो, “हा कायद्याचा विषय आहे.” विषय तेथेच संपला. हे वाक्य उच्चारताना मला जे समाधान लाभले, त्याचे स्मरण आजही मला प्रार्थनेत गुडघ्यावर आणते.

अशा रीतीने एकशे बारा स्त्रियांची जमीन मी चार दिवसांत, सुवाच्य अक्षरात, एकशे बारा घरजावयांच्या नावे करून टाकली. सदतिसाव्या अर्जावर माझे स्वतःचे नाव आले. तेथे अक्षर किंचित मोठे पडले आहे. मूळ कागद कचेरीत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी पाहून घ्यावे.

नियम असा की यादी तीस दिवस लोकांसमोर लावायची. या मुदतीत कोणाची हरकत आली नाही, तर ती कायम. मी ती नामालुवाबाईंच्या अंगणातील आंब्याच्या बुंध्याला चार खिळ्यांनी लावली. आंब्याखाली पुरुष बसून बाओचे, म्हणजे बियांच्या पटाचे, डाव मांडतात. त्यांनी यादी लक्षपूर्वक वाचली आणि एकालाही तीत हरकत घेण्याजोगे काही आढळले नाही.

एकोणिसाव्या दिवशी एनिफाबाई आल्या. यादीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, “गुरुजी, ही किती बायकांनी वाचली?”

मी म्हणालो, “यादी सर्वांना खुली आहे.”

“खुली आहे हो. पण पाणी इथे नाही ना.”

त्यांनी आपली प्रत घेतली, हातपंपावर गेल्या, एक बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. कोणत्याही नियमावलीत असे वाचन सांगितलेले नाही. मी पेरूच्या झाडाआड उभा होतो. तपासणीसाठी, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले.

“तुकडा एक. ओढ्यापासून घायपातापर्यंत. मालक, लेटन म्तांबालिका.”

एडिनामावशी पंप हापसत होत्या. दांडा हातातच राहिला. “कोण लेटन? आपल्या लिनेसचा लेटन?”

“तोच.”

“अगं, गेल्या साली तो आपली समजून शेजारणीच्या तुरीत दोन दिवस तण काढून आला. त्याला मालक केला?”

“शेजारीण काय म्हणाली?” रांगेतून कोणीतरी विचारले.

“काय म्हणेल? तिसऱ्या दिवशीही ये म्हणाली.”

लेटनभाऊ, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात हे मला दिसते आहे. रागावू नका. पुढे माझीच पाळी आहे.

नाव वाचले जाई आणि हशा उठे. कोणाचा नवरा म्हणे पेरणीच्या दिवशी ज्याची पाठ धरते तो, कोणाचा सासू आली की कुदळ शोधणारा. हळूहळू मात्र हशा कमी होत गेला. बायका बोटांवर मोजू लागल्या. सदतिसावा तुकडा आला.

“ओढ्यावरची तूर आणि घर. मालक, गेर्शोम न्थोंडो.”

फालेसी रांगेत पाचवी होती. ती म्हणाली, “हे कोण?”

एनिफाबाई म्हणाल्या, “तुमचे यजमान ना?”

“यजमान आहेत. या नावाचे एक गृहस्थ चाळीस वर्षं माझ्याकडे जेवतात. पण ती जमीन माझ्या आजीनं रान तोडून काढली, दोन पोरं पाठीला बांधून. तिथं तिच्या लेकींपैकी कोणाचं नाव असेल तर वाचा.”

पेरूचे झाड फार मोठे नव्हते. बऱ्याच जणींनी माझ्याकडे पाहिले.

घरी गेल्यावर मी काय केले असेल? क्षमा मागितली? नाही. मी शास्त्राचा आधार घेतला. पुरुष कुटुंबाचे मस्तक कसे, येथून आरंभ करून मी कुलपतींच्या वंशावळीपर्यंत पोहोचलो. त्यांच्यापैकी एक थोर पुरुष सासऱ्याच्या घरी वीस वर्षे मेंढरे राखत होता, ही गोष्ट मी त्या दिवशी वगळली. फालेसीने मक्याच्या पिठाची न्सिमा वाढली, वाळल्या मासळीचे कालवण वाढले आणि शांतपणे विचारले, “शास्त्रातल्या त्या पाच बहिणी होत्या ना, बाप वारल्यावर सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहून जमीन मागणाऱ्या? त्यांचं पुढे काय झालं?”

त्या पाच बहिणींवर मी याच सभागृहात अकरा प्रवचने दिली आहेत. मी म्हणालो, “देवाने त्यांना वतन दिलं.”

“नवऱ्यांच्या नावावर?”

“नाही. त्यांच्या.”

“मग मासळी आणखी घ्या,” ती म्हणाली.

मी घेतली. मासळी गिळली, पण हट्ट गिळला नाही. यादी जशीच्या तशी राहिली.

सव्विसाव्या दिवशी नदीपलीकडून माझा भाचा बिस्विक आला. बहिणीचा मुलगा, सालस, मामावर जीव टाकणारा. भेट म्हणून त्याने पांढरा कोंबडा आणला. श्रीमान म्सुक्वा, येथे आणखी एक वाक्य आपल्यासाठी. आमच्याकडे पुरुष वारला की त्याच्या नावचे जे असेल ते त्याच्या मुलांना जात नाही, बहिणीच्या मुलांना जाते. माझी सायकल बिस्विकची, माझा चष्मा बिस्विकचा. या कोटाची बाही त्याने एकदा अंगाला लावूनही पाहिली आहे. यात कोणाला काही वाईट वाटत नाही, कारण घरजावयाच्या नावे सायकलीपलीकडे काही नसतेच.

बिस्विकने माझी वास्तपुस्त केली, पाणी प्याला आणि म्हणाला, “मामा, तुमच्या नावावर जमीन लागली म्हणतात. आमच्या गावात सगळ्यांना अभिमान वाटला.”

“अजून लागायची आहे,” मी म्हणालो. मलाही थोडा अभिमान वाटला.

“मला घाई नाही हं. तुम्ही शंभर वर्षं जगा. कागद कुठे ठेवता तेवढं फक्त सांगून ठेवा.”

मग तो सहज फिरत शेतात गेला आणि ओढ्यापासून पावले मोजू लागला. तेथे माझी थोरली लेक मलिता तुरीतले तण काढत होती.

“दादा, काही हरवलं का?” तिने विचारले.

“नाही गं. नुसता अंदाज घेतोय. तू चालू दे तुझं. यंदा पेरलंस ते तुझंच आहे.”

तो हे दुष्टपणाने बोलला नाही. अत्यंत प्रेमाने बोलला. रीतीप्रमाणे आणि माझ्या सुवाच्य अक्षराप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबरच होते. मी मेलो की फालेसीच्या आजीने रान तोडून काढलेली जमीन बिस्विकची, आणि मलिता व तिच्या दोघी बहिणींनी आपल्याच तुरीच्या बांधावरून त्याची परवानगी मागायची. ते “यंदा” माझ्या कानी पडले आणि कोंबड्याची दोरी हातातून कधी सुटली ते मला कळले नाही. कोंबडा पाळकसाहेबांच्या आवारात सापडला, असे पुढे समजले. तो परत का आला नाही, हा प्रश्न आजच्या प्रसंगी मी उपस्थित करणार नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सायकलीवरून मी कचेरीत पोहोचलो. एनिफाबाईंना म्हणालो, “बाई, यादी दुरुस्त करा.”

“मला हात लावता येत नाही. तिच्यावर समितीचा शिक्का आहे. हरकत आली तरच बदलता येईल.”

“हातपंपावर तुम्ही वाचून दाखवलीत. किती हरकती आल्या?”

“दोन. एक विधवा आहे, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव लिहिलंत तुम्ही. दुसरीचा नवरा खाणीत कामाला गेला तो आलाच नाही.”

“आणि बाकीच्या एकशे दहा जणी?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी वर्गात पाढा चुकणाऱ्याकडे पाहत असे. “गुरुजी, त्या एकशे दहा जणींचे नवरे घरी आहेत.”

मी फालेसीला विचारले होते, तू अर्ज का नाही केलास? ती म्हणाली होती, “तुमच्याविरुद्ध कचेरीत जाऊ आणि संध्याकाळी तुम्हालाच वाढू? एक काहीतरी होईल माझ्याच्यानं.” म्हणजे माझी पत्नी माझा मान राखण्यासाठी आपल्या आजीची जमीन गमावण्यास तयार होती, आणि मी तो मान मोठ्या अक्षरात लिहून बसलो होतो. असा मान घेऊन मनुष्य कोठे ठेवतो?

एनिफाबाई म्हणाल्या, “चिटणीसाला हरकत घेता येते. आपल्याच यादीवर. नियमात तशी मनाई नाही.”

मला मार्ग दिसला. “मग मी सर्वांच्या वतीने एक विस्तृत अर्ज लिहितो.”

“नाही. एकेका घराचं नाव तुम्ही वेगवेगळं लिहिलंत. खोडायचंही वेगवेगळंच. दोन झाले, एकशे दहा राहिले. परवा चारच्या आत.” आणि त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. आपण आज त्यांच्या मृदू स्वभावाबद्दल पुष्कळ ऐकले. तो मृदू स्वभाव मी दोन दिवस उजव्या अंगठ्यात अनुभवला. एकशे दहा वेळा मी लिहिले की सदर नोंद चिटणीसाच्या अज्ञानामुळे झाली आहे. पहिल्या दहा अर्जांत “अनवधानामुळे” असे होते. बाईंनी ते परत केले.

सदतिसाव्या अर्जावर पेच आला. अर्जदार, गेर्शोम न्थोंडो. विरुद्ध, गेर्शोम न्थोंडो. मी विचारले, असे चालते का? बाई म्हणाल्या, “दोघं एकमेकांना ओळखता ना? मग नोटीस पाठवायचा त्रास वाचला.”

सुनावणी येथेच झाली. निवाड्याला नामालुवाबाई बसल्या. त्यांनी गंभीरपणे पुकारले, “अर्जदार हजर आहे का?”

“आहे.”

“प्रतिवादी?”

“तोही आहे.”

“दोघांत समेट होण्यासारखा आहे का?”

“प्रयत्न चालू आहे, बाईसाहेब.”

सभागृह हसले. त्यानंतर नामालुवाबाईंनी मला शपथ दिली आणि विचारले, “या जमिनीशी तुमचं नातं काय?” मी सात मिनिटांचे उत्तर तयार केले होते. त्यात तीन संदर्भ होते. समोर चटईवर फालेसी बसली होती, तिच्या तळव्यांना ओढ्यावरची लाल माती तशीच लागलेली होती. मी म्हणालो, “मी इथे चालत आलो. मला ठेवून घेतलं.”

नामालुवाबाई एनिफाबाईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, “लिहा. नाव कमी.”

त्या दिवशी एकशे बारा नावे कमी झाली. लेटनभाऊ बाहेर मला गाठून म्हणाले, “गुरुजी, मी एकूण किती दिवस मालक होतो?”

“तीस.”

“बरे गेले हो,” ते म्हणाले, आणि लिनेसच्या मागोमाग घरी गेले.

येथे थांबावे, असे पाळकसाहेब सुचवीत आहेत. पाच मिनिटे केव्हाच संपली. पण बाईंचा जो गुण मला खरोखर सांगायचा आहे तो राहिलाच आहे.

पक्की प्रमाणपत्रे देण्याचा दिवस होता. एनिफाबाई या टेबलाशी बसल्या होत्या. फालेसीचे आणि तिन्ही मुलींचे नाव लिहून झाले, अंगठे झाले. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “आणखी काही नोंद?”

फालेसी म्हणाली, “यांचं लिहा.”

मला वाटले, पुन्हा माझ्या चुकीची नोंद होणार.

श्रीमान म्सुक्वा, शेवटचे एक वाक्य आपल्यासाठी. घरजावयाची बायको आधी गेली, तर त्याने उठून आपल्या आईच्या गावी जायचे असते. आणि तो आधी गेला, तर त्याचे लोक येतात आणि त्याला उचलून नेतात. मी तेव्हा सत्तरीला आलो होतो. नदीपलीकडे माझ्या आईचे घर आता नाही, बहीणही हयात नाही. मला नावाने ओळखणारा बिस्विक आणि थोडी म्हातारी माणसे आहेत. फालेसीला दोन हिवाळे छातीचा त्रास होत होता. यावर आम्ही दोघे कधीही बोललो नव्हतो. शास्त्रावर बोलत होतो.

ती बाईंना म्हणाली, “मी आधी गेले तर यांना इथून उठवायचं नाही. मुलींनी नाही, माझ्या भावांनी नाही. आणि हे आधी गेले तर नदीपलीकडे न्यायचं नाही. माझ्या आजीच्या बाजूला जागा आहे. एवढं लिहा.”

बाई म्हणाल्या, “फालेसीताई, याला रकाना नाही.”

“मग तुम्ही करा.”

सहा वर्षे मी या स्त्रीला पाहत आलो. रकान्याबाहेर गेलेले एक टिंब त्यांनी कधी स्वीकारले नाही; माझे “अनवधान” त्यांनी दहा वेळा परत केले होते. त्यांनी प्रमाणपत्र उलटे केले. पट्टी घेतली. मागच्या कोऱ्या बाजूला एक सरळ रेघ मारली, तिच्यावर फालेसी जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिले, चौघींचे अंगठे घेतले, आणि सरकारी शिक्का उमटवला.

तो शिक्का न्यायालयात टिकेल का? मला ठाऊक नाही. श्रीमान म्सुक्वा आता भुवया उंचावीत आहेत; साहेब, कृपा करून उत्तर देऊ नका. मला एवढेच सांगायचे आहे की त्या दिवशी या दारातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या नावे वीतभरही जमीन नव्हती, आणि येथून कोणी आपल्याला उठवील हे भय इतक्या वर्षांत प्रथमच नव्हते.

एनिफाबाई, आपली बदली झाली आहे ते गाव मी पाहिलेले नाही. तेथेही कोणी वळणदार अक्षराचा गुरुजी असेलच. त्याच्याशी आपण कठोर वागावे, अशी माझी प्रार्थना आहे. प्रभू आपल्या जाण्यायेण्याचे रक्षण करो.

अध्यक्षांनी मला बोलू दिले, पाळकसाहेबांनी घड्याळ खिशात ठेवले, आणि आपण सर्वांनी परिचित गोष्ट नवी असल्यासारखी ऐकली, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा कोणाच्या नवऱ्याविषयी खरे तेच बोलले गेले असेल, तर क्षमा असावी. माझ्या वयाला दोष देऊ नये. तरुणपणीही मी असाच होतो. आता मला बसण्याची आज्ञा द्यावी. फालेसीने आपल्या चटईवर सरकून जागा केली आहे.